कुंकवाची बोटं

"काकी, सावलीला तरी बसा की. उन्हात उभं राहून बाटली आडवी हुईत न्हाय."

हिरा असं म्हणाली आणि तिच्याबरोबरच्या बायका हसल्या. हिरा माझी शेजारीण. तिच्या केसांत मोगऱ्याचा गजरा होता, कपाळावर ताजं कुंकू होतं आणि ओच्यात भिजवलेले हरभरे होते. तिच्यामागं आमच्या आळीतल्या बऱ्याच जणी होत्या, सगळ्या नटलेल्या. कुसळेवाडीच्या शाळेची वाट मी इतकी रंगीत कधी पाहिली नव्हती.

"बसते गं," मी म्हणाले. "तू आधी आत जाऊन ये. काय करायचं ध्यानात हाय न्हवं?"

"उभीला हात लावायचा न्हाय, आडवीवर शिक्का मारायचा. आमच्या घरात रोज एक आडवं पडतंयच की. त्याच्याच नावानं मारते."

बायका पुन्हा हसल्या आणि शाळेच्या फाटकातून आत गेल्या.

चैत्र महिना होता. त्या दिवशी आमच्या गावात बाटलीचं मतदान होतं. गावातल्या बायकांनी मागणी केली, की सरकार असं मतदान घेतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दारूचं दुकान चालू राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद करा. मत फक्त बायकांचं. पण त्यात एक मेख आहे. यादीत जितक्या बायका असतील, त्यांच्या निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडावी लागतात. जी घरी बसली ती दुकानाच्या बाजूची. मेलेल्या बाईचं नाव यादीतून काढायचं राहिलं असेल, तर ते मढंसुद्धा दुकानाच्या बाजूचं.

दुकान म्हणजे भिंगारे शेठचं देशी दारूचं दुकान, एस.टी.च्या थांब्याला लागून. माझा नवरा त्याच दुकानाच्या पायरीवर मेला. तेव्हा माझा दिगू शाळेत होता. आता तो दुधाच्या टेम्पोवर जायचा आणि परतताना त्या थांब्यावर उतरायचा. आधी फक्त शनिवारी, मग बाजाराच्या दिवशी, मग कधीही. त्याचा बाप असाच लागला होता, अगदी ह्याच पायऱ्यांनी. सभेत मी गावाच्या भल्याचं बोलत असे. मनात एवढंच होतं, की दिगू पुरता जायच्या आत ते दुकान बंद व्हायला हवं.

सभेत बोलायला मला विसपुते गुरुजींनी लावलं. गुरुजी आमच्या पक्षाचे अध्यक्ष. निर्व्यसनी लोकपक्ष हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, तर त्यात तुमचा दोष नाही. आमच्या तालुक्याबाहेर ते कुणीच ऐकलं नव्हतं. चिन्ह पाण्याचा माठ. गुरुजी चार वेळा आमदारकीला उभे राहिले आणि चारही वेळा त्यांची अनामत गेली. उसन्या जीपच्या टपावर ते खराखुरा माठ बांधून फिरायचे, सभेला आलेल्याला पाणी द्यायचे. उन्हाळ्यातली निवडणूक असली की आमच्या सभेला गर्दी व्हायची. लोक पाणी पिऊन जायचे आणि मत दुसरीकडं टाकायचे. मोठ्या पक्षाचे पुढारी गुरुजींना वाकून नमस्कार करायचे. "तुम्ही आमची मतं खात नाही, म्हणून तुमचा मान," असं तोंडावर म्हणायचे. गुरुजी हसायचे. दारू प्यायलेल्या माणसाकडं त्यांनी कधी मत मागितलं नाही. आमच्या भागात असा नेम धरला, तर मागायला फार घरं उरत नाहीत.

नवरा गेल्यावर मी गुरुजींच्या घरी धुण्याभांड्याला लागले. त्यांनी मला त्यांच्या जोत्यावर बसवून अक्षरं शिकवली. मग पंचायत समितीला उभं केलं. मी पडले. पुढं हा पक्ष माझ्याच गळ्यात आला आणि मीही गुरुजींसारखी नेमानं पडत राहिले. पण ते नंतरचं.

बाटलीच्या मतदानाची तारीख लागली, तसा भिंगारे शेठ कामाला लागला. बायांना देवदर्शनाला न्यायला त्यानं नेमका त्याच दिवशी टेम्पो ठरवला. पुरुषांना फुकट पाजली आणि बायका घरात ठेवायला सांगितलं. त्यावर गुरुजींनी तोड काढली. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "शेवंताबाई, नवरा मताला जाऊ नको म्हणेल. पण चैत्रातल्या हळदीकुंकवाला जाऊ नको असं म्हणायची कुणाची छाती आहे? त्याच सकाळी आमच्याकडं हळदीकुंकू ठेवू. बायका आमच्या घरी येतील आणि तिथून सरळ शाळेत जातील."

"आणि मी?" मी विचारलं.

"तुम्ही शाळेच्या वाटेवर थांबा. तुम्ही समोर दिसलात, की बायकांना धीर येईल."

हळदीकुंकवाला का नको, ते त्यांनी सांगितलं नाही. विधवेला ते सांगावं लागत नाही.

तर त्या सकाळी मी वाटेवर उभी होते आणि गुरुजींची तोड लागू पडत होती. बायका येतच राहिल्या. ज्यांच्या नवऱ्यांनी दाराला बाहेरून कडी घातली असती, त्यासुद्धा आल्या. हसत, हरभरे खात, एकमेकींच्या पदराला धरून. मतदान करून हिरा बाहेर आली आणि माझ्या ओंजळीत हरभरे ओतून गेली.

विधवा बायका मात्र कडेकडेनं येत होत्या. एक एकटी, फार तर दोघी. साळूआत्या काठी टेकत आली. ती गावातली सगळ्यात म्हातारी विधवा. दोन पोरगे दारूनं गेलेले.

"आत्या, ऊन चढायच्या आधी यायचंस," मी म्हणाले.

"आले आसते. गुरुजींच्या दारात रांगोळी हाय, बायांची ये-जा चाललीया. चांगल्या कामात कुणाला अपशकुन कशाला? वढ्याकडनं वळसा घालून आले."

ती आत जाऊन मत देऊन आली आणि आल्या वाटेनं, ओढ्याकडूनच, परत गेली.

मतदान संपलं. शाळेतच, मास्तरांच्या खोलीत, मोजणी सुरू झाली. टेबलाच्या पलीकडं नायब तहसीलदार साहेब आणि त्यांचे दोन कारकून. अलीकडं आमच्या बाजूनं गुरुजी आणि मी, दुकानाच्या बाजूनं भिंगारे शेठ. शेठ पांढऱ्या कपड्यांत होता, कपाळाला बुक्का. मला बघून त्यानं खुर्ची पुढं सरकवली.

"काकी, बसा. मतदान दणकून झालंय म्हणं. आपलं काय, लोकांचा कौल तो आपला कौल. दुकान गेलं तर रसवंती काढीन."

त्याचा आवाज मऊ होता, पण चेहरा उतरलेला होता. इतक्या बायका बाहेर पडलेल्या त्यानंही पाहिल्या होत्या. आमची बेरीज झाली होती. निम्म्यांहून कितीतरी जास्त बायका येऊन गेल्या होत्या, आणि उभ्या बाटलीवर शिक्का मारणारी त्यांतली एखादीच असेल.

कारकुनानं पेटी उघडली. पत्रिका टेबलावर ओतली गेली. साहेबांनी पहिली घडी उलगडली. आडवी. दुसरी उलगडली आणि ते थांबले. तिसरी उलगडली, चौथी उलगडली.

"हे काय आहे?" साहेब म्हणाले.

शिक्का आडव्या बाटलीवरच होता. पण पत्रिकेच्या दोन्ही कडांना, जिथं धरली होती तिथं, लाल बोटं उमटली होती. एकीवर तर उभ्या बाटलीवरही लाल डाग पडला होता. पुढची तशीच. तिच्या पुढची तशीच.

मला आधी रक्तच वाटलं. मग कळलं. हळदीकुंकवाची रीत अशी, की यजमानीण कुंकू लावते आणि लावून घेणारीनं तिला उलट लावायचं असतं. माईंनी, म्हणजे गुरुजींच्या बायकोनं, कोरडी पिंजर वाऱ्यानं उडते म्हणून शहरातून ओलं कुंकू आणवलं होतं. ज्या बोटानं प्रत्येकीनं माईंना कुंकू लावलं, ते बोट घेऊन ती सरळ शाळेत आली होती. उन्हातून चालत आली होती, हाताला घाम होता.

भिंगारे शेठ उठून टेबलावर वाकला. त्यानं एक पत्रिका पाहिली, दुसरी पाहिली. मग सावकाश खाली बसला. त्याच्या चेहऱ्यावर रंग परत येताना मी पाहिला.

"साहेब," तो म्हणाला, "मला कायदा कळत न्हाय. मी सातवी पास. पर मतपत्रिकेवर खूण केल्याली चालती का?"

साहेबांनी कागद काढून वाचलं. मतदाराची ओळख पटेल अशी खूण ज्या पत्रिकेवर असेल, ती पत्रिका बाद.

"साहेब, ओळख कुणाची पटतीया?" मी म्हणाले. "हे बोट कुणाचं, सांगा. हिराचं का रखमाचं? सगळ्यांचीच बोटं लाल, मग एकीची ओळख कशी पटंल?"

साहेब तरुण होते. माणूस वाईट नव्हता. त्यांनी पत्रिका उजेडात धरली, उलटीपालटी केली.

"बाई, तुमचं म्हणणं मला समजतंय. एखाद-दुसरी असती तर मी सोडून दिली असती. पण इथं तर एकामागून एक तशीच निघतेय." मग त्यांनी गुरुजींकडं पाहिलं. "गुरुजी, ह्या बायकांची बोटं कुठं लाल झाली, तुम्हाला माहीत आहे का?"

गुरुजींनी एवढंच म्हणायचं होतं, की चैत्र आहे, घरोघर हळदीकुंकू चालू आहे, आम्हाला काय ठाऊक. कारकूनही तेच ऐकायला थांबले होते. भिंगारे शेठसुद्धा तेच ऐकायला थांबला होता.

"माझ्या घरी," गुरुजी म्हणाले.

"म्हणजे पक्षाच्या कार्यक्रमात?"

"हो."

"मतदान चालू असताना?"

"हो. मी आयुष्यात खोटं बोललो नाही, साहेब. आजही बोलणार नाही."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग माझे हात बांधले गेले. एका बाजूच्या घरातून बोटं रंगवून बायका आल्या, असं वर कळलं, तर माझीच चौकशी लागेल. लाल डाग असलेल्या वेगळ्या काढा."

कारकून वेगळ्या काढू लागले. लाल ढीग वाढत गेला. दुसरा, बिनडागाचा, कारकुनाच्या मुठीत मावेल एवढाच राहिला. साहेबांनी फक्त तो मोजला. त्यात उभीला जवळजवळ काहीच नव्हतं. सगळं आडवीला. पण निम्म्याच्या जवळपाससुद्धा ते पोचत नव्हतं.

गुरुजींनी निकालाच्या कागदावर सही केली.

बाहेर पडताना भिंगारे शेठ त्यांच्या पाया पडला. "गुरुजी, देवदर्शनाच्या टेम्पोत चार म्हाताऱ्या बसल्या. तुमच्या मनात असं काय हाय ते आधी कळतं, तर माझं डिझेल तरी वाचलं असतं."

गुरुजी तसेच पुढं चालू लागले. मी त्यांच्या मागून चालत होते. हिरा आणि तिच्याबरोबरच्या बायका फाटकाबाहेर थांबल्या होत्या. त्यांनी निकाल विचारला. मी सांगितला. हिरानं आपलं बोट पुढं धरून पाहिलं, पदराला पुसलं, पुन्हा पाहिलं. ते कुंकू निघत नव्हतं. मग ती घराकडं गेली.

गुरुजींच्या दारातली रांगोळी बायकांच्या पायांनी फिसकटली होती. पडवीत झोपाळ्यात गौर मांडलेली, पुढं कलिंगडाची फुलं कापून ठेवलेली. माई अत्तरदाणी पुसत बसल्या होत्या. माझ्याकडं पाहून उठल्या.

"शेवंताबाई, आत या. पन्हं देते."

"नको," मी म्हणाले आणि अंगणातच उभी राहिले.

गुरुजी जोत्यावर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "नियमाप्रमाणं वर्षानं पुन्हा मागणी करता येईल. ह्या वेळेला एवढ्या बायका बाहेर पडल्या, हे काय कमी आहे? पुढच्या खेपेला..."

"पुढच्या खेपेपर्यंत माझा दिगू कुठं असंल?"

त्यांनी टोपी उचलून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली.

"गुरुजी, मला का बोलावलं न्हाय?"

"कुठं?"

"हितं. तुमच्या घरात. आज सकाळी."

त्यांनी माईंकडं पाहिलं. माईंनी अत्तरदाणी खाली ठेवली. "मी म्हटलं होतं ह्यांना. कुंकू नाही तर निदान पाणी वाढायला बोलवा. हे म्हणाले, बायका बिचकतील."

"बिचकल्याच असत्या," गुरुजी म्हणाले. "शेवंताबाई, तुम्हाला कमी लेखायचं नव्हतं मला. समाज तुमच्याएवढा पुढं गेलेला नाही. आपल्याला त्याच्याच कलानं काम करावं लागतं."

"तुमचा माठ घेऊन मी घरोघर हिंडले. ह्याच बायकांच्या उंबऱ्यात उभी राहिले. तवा कुणी बिचकलं न्हाय."

"ते राजकारण होतं."

"आन हे काय होतं? लगीन होतं कुणाचं?"

मला राग अनेकदा आला आहे. नवऱ्याचा आला, सासरचा आला, निवडणुकीत पैसे वाटणाऱ्यांचा आला. तो राग पेटतो आणि विझतो. त्या संध्याकाळचा राग तसा नव्हता. तो थंड होता आणि मला सगळं स्वच्छ दिसत होतं.

"पंचायत समितीच्या मोजणीला मी तुमच्या शेजारी बसले होते," मी म्हणाले. "शाईचा डाग लागला म्हणून माझीच मतं बाद झाली. तुम्ही ती बघितली, मी बी बघितली. तुम्ही इसरला. मी न्हाय इसरले, कारण ती माझी होती. आज मी ह्या जोत्यावर नुसती बसले असते, तरी पहिल्या बाईचं बोट बघून बादली आणून ठेवली असती. धुतल्याबिगर एकीला उठू दिलं नसतं."

गुरुजी टोपीकडं बघत होते.

"तो दुसरा ढीग बघितला का तुम्ही? लहानगा? ज्याच्यावर डाग नव्हता?"

"बघितला."

"कुणाचा होता?"

माई हळूच म्हणाल्या, "कुणाचा?"

"साळूआत्याचा. अनशीचा. कुंभारवाड्यातल्या यमुनाक्काचा. माझा. तुमची रांगोळी मोडू नये म्हणून ज्या वढ्यातनं वळसा घालून आल्या, त्यांचा. त्यांना कुणी आवतण दिलं नव्हतं, गजरा दिला नव्हता, हरभरे दिले नव्हते. त्या आल्या. दारूनं ज्यांचं कुंकू पुसलं, तेवढ्यांचंच मत आज सरकारनं खरं धरलं. आन तुम्ही त्यांना सोडून बाटली आडवी करायला निघाला होता."

"तुम्ही रागात आहात, शेवंताबाई."

"हाय. तुम्ही मला ह्याच जोत्यावर अक्षरं शिकवली, म्हणून एवढंच बोलून थांबते."

एवढ्यात थांब्याकडून फटाक्यांचा आवाज आला. लांबच लांब माळ लावली होती. मग हलगी वाजायला लागली. मी गुरुजींच्या अंगणातून निघाले आणि वळणावर उभी राहून पाहिलं. भिंगारे शेठच्या दुकानापुढं गर्दी झाली होती, गुलाल उडत होता. नाचणाऱ्यांत दिगू होता. त्यानं शर्ट काढून हवेत धरला होता. आपली आई हरली म्हणून तो नाचत होता की फुकट मिळालं म्हणून, ते त्याला तरी कळत होतं की नाही कोण जाणे.

मी घरी गेले नाही. साळूआत्याकडं गेले. ती चुलीपुढं बसली होती. तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

"मला त्या दुकानाच्या वाटंचंच भ्या वाटतंय," ती म्हणाली. "मागं एकदा सकाळची तिथनं गेले. शेठ दुकान उघडत होता. मला बघितलं आन माझ्यामागं पाणी शिंपडलंन. म्हणला, म्हातारे, बोहनीच्या टायमाला कशाला मरायला आलीस? तवापासनं दुपार झाल्याबिगर तिकडनं जात न्हाय."

मी तिच्याकडं बघत राहिले.

"काय गं?" ती म्हणाली.

"आत्या, उद्या सकाळी माझ्याबरोबर येशील?"

"कुठं?"

"तिथंच."

तिला समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर ती हसली नाही. "पाणी शिंपडू दे की," ती म्हणाली. "उन्हाळाच हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगारे शेठ दुकानाचं शटर वर करायला आला, तेव्हा आम्ही पायरीवर बसलो होतो. साळूआत्या, अनशी, यमुनाक्का, मी आणि आणखी काही जणी. कपाळं मोकळी, हातांत बांगड्या नाहीत. घोषणा नाहीत, फलक नाही, माठही नाही. आम्ही दार अडवलं नव्हतं. मधे माणूस जाईल एवढी वाट सोडली होती.

शेठ आम्हाला बघून जागच्या जागी थांबला. त्याच्या हातात लक्ष्मीच्या फोटोसाठी आणलेला हार होता.

"काकी, हे काय?"

"काय न्हाय. बसलोय."

"निकाल लागला की काल."

"लागला. त्याच्याबद्दल काय म्हणत न्हाय आम्ही."

"मग उठा की. दुपारी या, चहा पाजतो. आत्ता बोहनीचा टाइम हाय."

"हाय की. तुम्ही तुमचं काम करा, शेठ. आम्ही हात तरी लावला का तुमच्या दुकानाला?"

त्यानं शटर उघडलं. आत जाऊन फोटोला हार घातला, उदबत्ती ओवाळली, गल्ल्याला हात जोडले. पण नजर आमच्याकडंच होती. थांब्यावर गिऱ्हाईक जमायला लागलं. ही रोजची माणसं, सकाळी घेतल्याशिवाय हात थरथरणारी. एकजण पुढं आला, आम्हाला बघून चप्पल फरफटवत थांबला, मग टपरीकडं वळला. दुसरा साळूआत्याचा पुतण्या होता. आत्या म्हणाली, "ये की रं, चुलतीच्या पाया पड आन मग जा आत." तो आलाच नाही. तिघं-चौघं लांब उभे राहून एकमेकांना म्हणत होते, "तू जा आधी." पण ह्या सगळ्या जणींच्या अंगावरून आधी जायला कुणी तयार होईना.

मला त्यांचं हसू आलं नाही. ज्या भीतीनं मला कालपर्यंत दाराबाहेर उभं केलं होतं, तीच भीती आज त्यांच्या पायांत होती. ती भीती खोटी आहे, हे मला ठाऊक होतं. तरी मी तिच्यावरच बसले होते. चांगलं वाटत नव्हतं. पण उठावंसंही वाटत नव्हतं.

मग दुधाचा टेम्पो थांबला आणि दिगू उतरला. त्याच्या कानामागं कालचा गुलाल तसाच होता, डोळे सुजलेले. त्यानं मला पाहिलं. टपरीपाशी उभे असलेले हसले. कुणीतरी म्हणालं, "दिग्या, जा की. तुझ्याच आईची वाट हाय."

तो माझ्यापुढं येऊन उभा राहिला. "आये, ऊठ."

"मी कुठं अडवलंय तुला? वाट हाय, जा."

"लोकं बघत्यात."

"बघू दे."

त्यानं आजूबाजूला पाहिलं. मग दात आवळले आणि सोडलेली वाट सोडून मुद्दाम माझ्या मांडीवरून पाय टाकून आत गेला. साळूआत्यानं माझा हात धरला. तो तिनं किती जोरानं धरला होता, ते मला नंतर मनगट दुखायला लागल्यावर कळलं.

आत दिगूनं फळीवर नोट आपटली. "शेठ, एक द्या."

शेठ नोटेकडं बघत राहिला. उदबत्तीचा धूर त्याच्या तोंडावर येत होता. त्यानं नोटेला हात लावला नाही.

"द्या की."

"थांब जरा. दुसरं कुणीतरी घेऊ दे आधी."

"का? माझा पैसा खोटा हाय?"

"पैशाचं न्हाय रं." शेठनं आवाज खाली घेतला, पण पायरीवर सगळं ऐकू येत होतं. "पैली बोहनी हाय. तुझी आई दारात बसलीया अशी, कपाळ उघडं टाकून. बाप तुझा ह्याच पायरीवर गेला. तुझ्या हातची बोहनी आज तरी नको मला. नोट उचल."

"काल फुकट पाजत होता की."

"कालची गोष्ट येगळी. उचल म्हणतो ना."

दिगू नोट घेऊन बाहेर आला. टपरीपाशी आता कुणी हसत नव्हतं. तो माझ्यासमोर उभा राहिला. त्याचे हात कापत होते, त्याच्या बापाचे सकाळी कापायचे तसेच, आणि डोळ्यांत पाणी आलं होतं. रागाचं होतं.

"तुझ्यामुळं दिली न्हाय त्यानं," तो म्हणाला. "तुझ्यामुळं."

"व्हय," मी म्हणाले. "माझ्यामुळंच. उद्या बी मी हितंच हाय."